एका ताटातले तिघे

एका राज्यात, जिथे हिवाळा आला की समुद्रही पांढरा होऊन थिजे, कनकवल्ली नावाची राणी होती. राजा निवर्तला होता. मागे तीन पुत्र होते: थोरला शैलराज, मधला वातसेन आणि धाकटा कुमुद. त्या घराची रीत अशी, की भावांनी एकाच ताटात जेवावे. राणी स्वतः भात कालवी, एकसारखे घास करी आणि तिघांना आळीपाळीने भरवी. मुलांना दाढ्या फुटल्या तरी ही रीत मोडली नाही. "अजून एका ताटात जेवतात हो माझी मुलं," असे ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगे.

पण सिंहासनही एकच होते. एके दिवशी ताटावरच वाद पेटला.

"दादा, हात आवरा. घासही तुमचा आणि सिंहासनही तुमचंच का?" वातसेन म्हणाला.

"आधी तोंड पुसायला शीक, मग राज्य माग," शैलराज म्हणाला.

"मला कोणी विचारणार आहे का?" कुमुदने विचारले.

"तुला? तू अजून आईच्या हातून खातोस," शैलराज म्हणाला.

"मग तुम्ही कोणाच्या हातून खाता?"

तलवारी निघाल्या. ताट लवंडले. दारात हिमकेतू नावाचा मांत्रिक भिक्षेसाठी उभा होता. त्याच्या पायांवर शिते उडाली. त्याने कमंडलूतले पाणी हातात घेतले आणि म्हणाला, "एका ताटासाठी गळे धरता? मग एकाच खाडीत राहा, जन्माचे भुकेले." पाणी शिंपडताच तिघांच्या अंगावर दाट लव आली, हातांची वल्ही झाली. तिघांचे सील नावाचे समुद्रप्राणी झाले आणि दालनाच्या फरशीवरून घसरत समुद्राकडे गेले.

राणीने मांत्रिकाचे पाय धरले. "महाराज, उःशाप द्या."

"तिघांना तुझ्या हाताने एकेक घास भरव. ज्याचा त्याचा घास. तो चुकला, तर तो मुलगा कायमचा पाण्यातला. आणि खाडी पुरती गोठायच्या आत हे व्हायला हवे."

"एवढंच? आजवर मीच तर भरवलं त्यांना."

"मग सांग, थोरल्याला काय आवडतं?"

राणीला ते ठाऊक नव्हते. मधल्याचे ठाऊक नव्हते, धाकट्याचेही नव्हते. मांत्रिक निघून गेला.

घास ठरेना, तोवर मुले उपाशी राहू नयेत म्हणून राणी किनाऱ्यावरच्या खडकावर राहू लागली. रोज कोळ्यांकडून टोपलीभर मासळी घेई आणि खडकावरून पाण्यात टाकी. तिन्ही सील तिथे धाव घेत. शैलराज अंगाने जड, तो रेटून पुढे येई. वातसेन चपळ, तो वरच्यावर हिसकावी. कुमुदला शेपट्या आणि डोकी उरत, त्यांवरही भाऊ दात उगारत. एक दिवस त्याचा खांदा फाटला आणि पाणी लाल झाले. दुसऱ्या दिवशी राणीने दोन टोपल्या आणल्या. मारामारी दुप्पट झाली.

खडकावर एक म्हातारा सुरय पक्षी बसलेला असे. तो बोलला, "राणी, फार छान वाढतेस. उद्या कोणाचा खांदा?"

"मग काय उपाशी ठेवू त्यांना?"

"ठेव."

"आईला असं सांगतोस?"

"पिल्लं मीही वाढवली आहेत. तुझी टोपली इथे येते, म्हणून तिघं या एका खडकाशी येतात. समुद्र केवढा आहे, कधी पाहिलास?"

राणीने टोपली आणणे थांबवले. ती रिकाम्या हातांनी बसून राही. सील येत, माना उंच करत, तिच्याकडे पाहून ओरडत. तिने कान झाकून घेतले. त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. मग एक येईनासा झाला, मग दुसरा, मग कोणीच नाही. पाणी मोकळे पडले. काठाकडून बर्फ रोज पुढे सरकत होता. "मीच मारली माझी मुलं," ती म्हणाली. "आधी भरवून मारत होते, मग न भरवून मारली." तिने अन्न सोडले आणि समुद्रात शिरायला निघाली.

पाणी गुडघ्यांपर्यंत आले, तेव्हा सुरय तिच्या डोक्यावर येऊन ओरडला, "मरायचं ते नंतर मर. आधी चल."

त्याने तिला चिखलाच्या उथळ बाजूला नेले. तिथे शैलराज वर आला. त्याच्या लांब मिशा गाळाने माखल्या होत्या. तळाचा चिखल चाचपून तो शिंपल्या उकरून खात होता. मग खाडीच्या तोंडाशी नेले. तिथे वातसेन भर धारेत चंदेरी मासळीच्या थव्यामागे सुसाट जात होता. कुमुद मात्र कुठेच दिसेना. सुरय तिला गोठलेल्या भागावर घेऊन गेला. बर्फात मुठीएवढे भोक होते आणि त्यातून श्वासाची वाफ येत होती. कुमुद नखांनी ते भोक मोकळे ठेवून बर्फाखाली राहत होता. तिथे बर्फाच्या पोटाशी गुलाबी जवळा लोंबत होता, तोच तो टिपत होता.

खाडी एकच होती. पण तळ एकाचा, धार एकाची आणि बर्फाखालचा अंधार एकाचा. कोणी कोणाच्या वाटेला जात नव्हते. तिघेही अंगाने भरले होते. राणीला ज्याचा त्याचा घास दिसला. मुले तिच्यावाचून पोट भरत होती.

चिखलाच्या बाजूला परतून तिने शिंपली उघडून शैलराजापुढे धरली. त्याने खाल्ली आणि तो माणूस झाला. खाडीच्या तोंडाशी वातसेनने तिच्या हातून चंदेरी मासा ओढला. तोही माणूस झाला. मग दोघांना घेऊन राणी बर्फावर आली आणि मूठभर जवळा घेऊन तिने भोकातून हात खाली सोडला.

कुमुद आला नाही. त्याने हात पाहिला आणि तो मागे सरला. त्या हाताने अन्न दिले की भावांचे दात अंगावर येतात, एवढेच तो शिकला होता.

बर्फ चढत होता. भोक तिच्या मनगटाभोवती आवळू लागले.

"आई, हात काढ," शैलराज म्हणाला.

"गप्प बस."

"मी हाक मारतो त्याला," वातसेन म्हणाला.

"तुझा आवाज ऐकून येईल तो?"



राणीच्या हाताची जाणीव गेली. जवळा अजून मुठीत आहे की वाहून गेला, हेही तिला कळेना. तिने मूठ उघडली आणि तशीच ठेवली. त्याला हाकही मारली नाही. खूप वेळाने बर्फ कडाडून फुटला आणि माणूस झालेला, थंडीने काळानिळा पडलेला कुमुद भावांनी वर ओढला. त्याने घास कधी घेतला, ते राणीला कळलेच नाही.

शाप फिटला. शैलराजाने डोंगरातल्या खाणी सांभाळल्या, वातसेनने गलबते, कुमुदने बर्फातल्या खिंडी. सिंहासनावर कोण बसतो, याचे कोणाला फारसे पडले नाही. राज्य सुखात चालले. वैद्याने राणीच्या उजव्या हाताची बोटे काढून टाकली.

घरात आता तीन ताटे मांडत. कुमुद मात्र आई दालनात असली की घास उचलत नसे. तो तिच्याशी हसे, बोले, पाया पडे. पण ताट समोर आले की त्याचे अंग आखडे. म्हणून जेवणवेळ झाली की राणी आपणहून बाहेर जाई आणि दाराशी उभी राही. दासी रिकामे ताट घेऊन बाहेर आली की ती विचारी, "खाल्लं?"

"खाल्लं, राणीसाहेब."

"काय खाल्लं?"

दासी सांगे, आणि राणी नीट ऐकून घेई.