वाकणखाडीच्या कातरीना

वाकणखाडीच्या कोळीवाड्यात 'कातरीन' अशी हाक मारा, चार दारांतून बायका बाहेर येतात. एक मासळी विकते, एक शाळेत शिकवते, एकीने गावातला दारूचा गुत्ता उठवला. नाव परदेशी संतिणीचे, पण इथे ते भक्तीपोटी ठेवत नाहीत. खाडीच्या मुखाशी, ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक दाखवून वाड्यातले म्हातारे सांतान तांडेल पाहुण्यांना कारण सांगतात.

फिरंग्यांच्या अमलात इथल्या गढीवर एक कप्तान होता. त्याने आपल्या जहाजाला 'संत कातरीन' नाव दिले आणि त्याच सुमारास जन्मलेल्या पेद्रू तांडेलाच्या लेकीलाही तेच. बाप्तिस्म्याला तिचा धर्मबाप तोच उभा राहिला, असे सांगतात. पुढे त्याने हुकूम काढला, की अर्धी मासळी गढीवर पोचवा. कोळी नाही म्हणाले.

"मासळी तुमची, तर दिवा माझा," कप्तान म्हणाला, आणि होड्या परतायच्या वेळी त्याने गढीवरचा दिवा विझवला. पेद्रूची होडी त्या खडकावर फुटली.

कातरीन रडली नाही म्हणे. ज्या पाण्याने बाप गिळला तेच कप्तानाला पाजीन, अशी तिने शपथ घेतली आणि वाट पाहत राहिली.

कप्तान मायदेशी निघाला तेव्हा जहाज खाडीबाहेर काढून द्यायला एकही कोळी येईना. कातरीन आपणहून गेली. बापाच्या होडीत वाढलेली पोर, तिला खाडीची वाट पाठ होती. दिलेलं नाव फुकट गेलं नाही, असे कप्तान खलाशांना हसून म्हणाला. भर दुपार होती. भरती उतरू लागली होती, खडक जेमतेम पाण्याखाली होता. कातरीनने जहाज नेमके त्याच्यावर घातले.

तळ फाटला तेव्हा कप्तान विनवू लागला, की पोरी, मी तुझा धर्मबाप आहे.

"माझा बाप दिवा शोधत बुडाला," ती म्हणाली. "तुम्ही उजेडात बुडा."

कुणी म्हणतात ती पोहत किनाऱ्याला लागली, कुणी म्हणतात जहाजाबरोबरच गेली. गढीही पुढे ढासळली.

आजही मुलीचे नाव कातरीन ठेवले की तिला चर्चमधून थेट खडकासमोर नेतात. घरातली थोरली बाई मोठ्याने सांगते, "कप्तान, तुझी धर्मलेक आली." मग सगळे त्याच्याकडे पाठ फिरवून जेवायला जातात.

एका नव्या फादरनी प्रवचनात सुचवले, की इतक्या पिढ्या झाल्या, आता त्याला क्षमा करावी. पुढच्या बाकावरची म्हातारी कातरीन उठून उभी राहिली.

"करू की, फादर. मागायला त्याला वर येऊ द्या."