हवा तो आकडा दाबा

"आपल्या सर्व बांगड्या फुटल्याची नोंद झाली आहे. धन्यवाद!"

आमच्या दुकानाच्या नव्या, आपोआप बोलणाऱ्या इंटरनेट फोनने वैरागच्या अनुसयाबाईंना हे वाक्य ऐकवलं. त्यांनी फोन केला होता लेकीच्या लग्नाच्या चुड्यासाठी! पुढच्याच एसटीने त्या बार्शीला आल्या आणि तडक दुकानात शिरल्या.

"कुठंय ती मेली, फोनातली?"

ती मेली मीच. आवाज माझा, वाक्य माझं आणि यंत्रही मीच निवडलेलं. माझे मामा, म्हणजे बांगड्यांचे व्यापारी भास्करशेठ कोळपकर, यांना तीन कंपन्यांनी तीन फोन दाखवले होते. एकात दोन पर्याय, एकात चार, एकात नऊ. मी नऊवाला घेतला. दोन पर्यायांसाठी कोणी चार वर्षं इंजिनीअरिंग शिकतं का?

मामांनी तेव्हाच बजावलं होतं, "अगं, बांगडी फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

"मामा, असल्या शब्दांनीच समाज मागे राहिला! फुटलेल्याला फुटलेलंच म्हणायचं!"

समाज आता माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

मी शक्य तितक्या शांतपणे समजावलं, "काकू, ऑर्डरसाठी एक दाबायचं होतं. दोन म्हणजे फुटलेल्या मालाची तक्रार. त्यात पुन्हा चार म्हणजे सगळ्याच फुटल्या."

"लग्नघरात असलं बोलतात? शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली! चुडा मी दुसरीकडून घेईन!"

मामांचा चेहरा पडला. अनुसयाबाईंच्या घरातल्या तीन लग्नांचे चुडे आमच्याच दुकानातून गेले होते. त्यांनी अनुसयाबाईंना कसंबसं बसवलं, चहा मागवला आणि माझ्याकडे वळले.

"ऐक. फोनने अशुभ बोलायचं नाही. माझ्या एकाही गिऱ्हाइकाला नवं काही शिकवायचं नाही. आणि रात्री 'दुकान बंद आहे' म्हणायचं नाही, पण उघडं आहे असं खोटंही बोलायचं नाही!"

"मग 'दुकान वाढवलं आहे' म्हणू?"

"ते परवा करून पाहिलंस ना? पुण्याच्या गिऱ्हाइकाने अभिनंदन केलं आणि नवी शाखा कुठे काढली ते विचारलं! दिवेलागणीपर्यंत जमव. जमलं तर यंत्र राहील आणि हौसाबाईंना उद्यापासून सुट्टी. नाही जमलं तर यंत्र घेऊन तू पुण्याला परत!"

हौसाबाई म्हणजे वीस वर्षं दुकानात बांगड्या भरणाऱ्या आणि फोन उचलणाऱ्या बाई. अनुसयाबाईंना बशी पुढे करत त्यांनी एवढंच विचारलं, "दोन आणि चारच का दाबलंत?"

"ती म्हणाली ना, हवा तो आकडा दाबा! माझ्या लेकीचा हात दोन-चारचा. मला तोच आकडा हवा होता!"

हौसाबाई गालात हसल्या. मी ऐकलं, पण समजून घ्यायला मला वेळ कुठे होता? मी लॅपटॉप उघडून चौकोन आणि बाण काढत बसले होते. चहा संपेपर्यंत नऊ पर्यायांचे चौदा झाले. शेवटी मी अभिमानाने वाचून दाखवलं, "आपल्या बांगड्या वाढल्यामुळे कमी झाल्या असल्यास, सात दाबा!"

मामांनी कपाळाला हात लावला. "पुण्याची गाडी किती वाजता आहे गं?"

"शेठ, मी एक सांगू?" हौसाबाई म्हणाल्या. "बाईंनी बरोबरच दाबलं. चुकलं ते यंत्र."

"यंत्र चुकत नाही!" मी म्हणाले.

"मग यंत्राला शिकवणारं चुकलं असेल, ताईसाहेब. नवी बांगडी हवी असो नाहीतर जुनी वाढलेली असो, बाईच्या हाताचं माप बदलतं का? ते प्रत्येकीला पाठ असतं. मग फोनने एवढंच म्हणावं, 'नमस्कार. हाताचं माप दाबा. आमच्याकडून तुम्हाला फोन येईल.' दिवसा तेच, रात्रीही तेच. यात काय अशुभ, काय खोटं आणि काय शिकवायचंय?"

मी लॅपटॉपवरचे चौदाही चौकोन पुसून टाकले.

पाच मिनिटांत मी हौसाबाईंच्या आवाजात ते वाक्य भरलं. पूर्वीच्या नऊ पर्यायांना मला अकरा दिवस लागले होते. अनुसयाबाईंनी तिथेच बसून आपल्या मोबाइलवरून फोन लावला, दोन-चार दाबलं, आणि माझ्या पडद्यावर त्यांचा नंबर आणि माप उमटलं. हौसाबाईंनी लगेच फोन केला.

"अनुसयाबाई, दोन-चारचा चुडा ना? लेक कुठे दिली?"

समोरासमोर बसलेल्या अनुसयाबाई लाजून पाठमोऱ्या झाल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या, "करमाळ्याला! जावई मास्तर आहेत. हिरवा चुडा द्या, सोनेरी काठाचा, आणि तिच्या सासूबाईंसाठी दोन-आठचा!"

मामा खूश झाले, पण हट्ट सोडतील तर ते मामा कसले!

"यंत्राचं जमलं. म्हणजे ठरल्याप्रमाणे तुम्हाला सुट्टी, हौसाबाई!"

"चालेल की, शेठ. पण माप कळल्यावर रंग कोणता, डझन किती, लेक कुठे दिली आणि सासूचा हात केवढा, हे कोण विचारणार? त्याला दहावा पर्याय लागतो. तो यंत्रात नाही, या खुर्चीत बसलाय!"

मामा असे हसले की शेजारचा भांडीवाला बघायला आला! डोळे पुसत ते म्हणाले, "हौसाबाई, आज दुकानातला आवडेल तो चुडा तुमचा! फोनचा सगळा कारभारही आजपासून तुमच्याकडे. आणि ही इंजिनीअर तुमच्या हाताखाली!"

हौसाबाईंनी माझ्याकडे एकवार पाहिलं. "चालेल, शेठ. पण महिनाभर हिला फोन उचलू देऊ नका!"

या वेळी सगळ्यात मोठ्याने अनुसयाबाई हसल्या.