तारूबाबा कुणाचे

“पण तारूबाबा होते कुणाचे, बुवा? आज तरी सांगा.”

हुसेनबुवा घाटावर बसून ओल्या उदबत्त्या उन्हात पसरत होते. मागे तारूबाबांची समाधी होती. होडीएवढा लांब मातीचा उंचवटा, त्यावर जुनी वल्ही. नावाडी वारला की त्याचं वल्हं इथे आणून ठेवायचं, ही दोन्ही काठांची रीत.

विचारणारा केरबा, बुवांचा शिष्य. पोथ्या वाचलेला, वादात न हरणारा.

पलीकडचे म्हणत, बाबा आमच्या घाटावरून होडीत बसले, म्हणजे आमचे. अलीकडचे म्हणत, ते घरी परतत होते, म्हणजे आमचे. यंदा हा वाद फारच वाढला. पलीकडच्यांनी कबूल केल्याशिवाय त्यांची होडी इथे लागू देणार नाही, असं केरबा सकाळीच गावापुढे बोलून बसला होता.

बुवांनी पुढची उदबत्ती उन्हात ठेवली.

तेवढ्यात पलीकडची होडी आली.

“केरबा, दोर टाक!” म्हादू नावाडी ओरडला.

केरबाने दोर उचलला. टाकला नाही.

“आधी म्हण, बाबा इकडचे.”

“अरे शहाण्या, पाण्याला ओढ आहे! आधी दोर टाक, मग खुशाल भांड.”

होडीत एक बाई बसली होती. मांडीवर वल्हं आडवं धरून.

“आणि ही कोण? कुठली?” केरबाने विचारलं.

बाईने मान वर केली नाही. म्हादूचे हात थांबले. होडी आडवी फिरू लागली.

“होडीतल्या माणसाला विचारतोस?” बुवा म्हणाले.

केरबाचा चेहरा उतरला. जात, गाव विचारायचं ते उतरल्यावर, होडीत कधीच नाही. नदीकाठचं शेंबडं पोरही हे जाणतं.

त्याने दोर फेकला.

होडी ओढता ओढता तो पुटपुटला, “बुवा, बाबा तुमच्या पणजोबांच्याच होडीत होते ना? त्यांनी तरी विचारलं असेल. उतरल्यावर.”

“बाबा मधल्या धारेतच गेले. पणजोबांनी त्यांना हलवलं नाही. होडीसकट माती दिली.”

“ते ठाऊक आहे मला. पण…”

केरबाने समाधीकडे पाहिलं.

बाई उतरली. तिचा पाय चिखलात रुतला. वल्ह्याला मात्र तिने चिखल लागू दिला नाही.

“म्हणजे बाबा कुणाचे, हे कधीच विचारायचं नाही?” केरबाने विचारलं.

बुवांनी सरकून बाईला वाट करून दिली.

“बाबा अजून होडीत आहेत,” ते म्हणाले. “ही उतरली. वल्हं कुणाचं, ते हिला विचार.”