एक माळ जास्त

फार वर्षांपूर्वी माळावरच्या एका गावात एक लहानसं जैन मंदिर होतं. यात्रेकरू तिथं क्वचितच यायचे. मंदिराची झाडलोट करणारी एक म्हातारी शेजारीच राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. येणाऱ्या पाहुण्याला वाढल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असा तिचा नेम होता.

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्यानं निरोप धाडला, ‘उद्या सकाळी दर्शनाला येतो.’ पण वाटेत गाडीचं चाक मोडलं. तो पोचला तेव्हा उन्हं कलली होती.

“सकाळी येतो म्हणालात, अण्णा,” अक्का हसली. “तुमच्या गावाला सकाळ उशिरा होते वाटतं.”

“चाकानं दगा दिला, अक्का. तुम्ही जेवून घ्यायचं होतं.”

“पाहुणा वाटेवर असताना? काल उपवास होता माझा. आज तुम्हाला वाढून सोडीन. दर्शन घ्या आणि लगेच या. दिवस मावळला की मला पाणीसुद्धा चालत नाही.”

“हा आलोच.”

व्यापाऱ्यानं वाटेत दशम्या खाल्ल्या होत्या. त्याला भुकेची घाई नव्हती. तो मूर्तीपुढे बसला. मोठ्या क्षेत्रांवर मागचा माणूस ढकलत असतो. इथे फक्त पारवे घुमत होते. एक माळ झाली, दुसरी झाली. असं मन कधी लागलं नव्हतं.

इतक्यात उंबऱ्यावर सावली पडली. अक्का दाराशी येऊन उभी राहिली होती. कुणाचा जप मोडू नये म्हणून ती बोलली नाही. थोडं थांबून परत गेली. ती का आली हे व्यापाऱ्याला कळलं. पण उठवेना. ‘एवढी एकच माळ,’ असं म्हणून त्यानं पुन्हा डोळे मिटले.

तो बाहेर आला तेव्हा सूर्य बुडाला होता. ओसरीवर पाट मांडलेला, ताट झाकलेलं. अक्का भांडी आत नेत होती.

“अक्का, तुम्ही तरी दोन घास...”

“आता नाही, अण्णा. उद्या बघू.” ती भिंतीला धरून उभी राहिली. “दर्शन झालं ना मनासारखं?”

उरलेली भांडी त्यानं उचलून आत नेली.

पुढे त्यानं पुष्कळ यात्रा केल्या. पण दर्शन कसं झालं, असं कुणी विचारलं की तो अक्काच्या झाकलेल्या ताटाची गोष्ट सांगायचा.

मुलांनो, तात्पर्य एवढंच: आपल्यासाठी कुणी उपाशी ताटकळत असेल, तर आधी त्याच्याकडे जावं. देव थांबतो.