निनादचा स्पोरॅडिक खोकला

एका गावात एक भोळी आई होती. भोळी, आणि वर शिकलेली, म्हणजे दुप्पट पंचाईत. नाव केतकी. तिचा निनाद सात महिन्यांचा. घरी तो दिवसातून एकदोनदा खोकायचा आणि दवाखान्यात नेला की नुसता हसायचा.

तालुक्याच्या शेंडे डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती तपासली. कागदावर ‘खोकला’ लिहून पुढे एक इंग्रजी शब्द लिहिला. म्हणाल्या, "स्पोरॅडिक आहे. म्हणजे काळजीचं काही नाही."

काळजीचं नाही म्हटल्यावर केतकीला काळजी लागली. घरी येऊन तिने कॉलेजातला शब्दकोश काढला. अर्थ दिला होता : अधूनमधून होणारे, ज्याला ठरावीक वेळ नाही असे.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "ह्याला वेळच नाही हो! कधीही येईल!"

"वेळ लावून यायला तो काय एसटी आहे? आणि एसटी तरी कुठं वेळेवर येते?"

पण केतकीचा एकच ध्यास. डॉक्टरीणबाईंनी तो खोकला एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावा. नाहीतर सगळे म्हणणार, बाळ ठणठणीत आहे, आईच भित्री. तिने दवाखान्यात फोन लावला.

"बरं, खोकला आला की वहीत लिहीत जा," बाई म्हणाल्या.

केतकीला पटलं. चार दिवसांनी ती वही घेऊन गेली. एकशे बारा खोकले! डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या.

"एवढे? सगळे बाळाचे?"

"बाळाचे सहा. बाकी आत्याबाईंचे, दूधवाल्याचे आणि आमच्या शेळीचे. कुणाचे लिहायचे ते तुम्ही सांगितलं नव्हतं."

"अहो, फक्त बाळाकडे लक्ष द्या!"

केतकीला पटलं. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. भाकरीचा कोळसा झाला. शेळीने वाळत घातलेला परकर अर्धा खाल्ला. केतकी पाळण्याकडे टक लावून बसलेली.

सासूने कपाळावर हात मारला. "अगं बये, बाळाकडे अधूनमधून बघ!"

अधूनमधून! हा शब्द तर ओळखीचा. ज्याला ठरावीक वेळ नाही असे. म्हणजे वेळ आपण ठरवायचीच नाही. केतकीने डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. काहींवर ‘बघ’, काहींवर ‘बघू नको’. तेवढ्यात निनाद भुकेने रडू लागला. चिठ्ठी निघाली ‘बघू नको’. दुसरी काढली, तीही तीच. तिसरीही तीच. तो पाळण्यात रडत होता, ही डोळे मिटून डब्यापाशी रडत होती.

सासू परसातून धावत आली. "चिठ्ठ्या कसल्या काढतेस? रडणं ऐकू आलं की विचार करायचा नाही. पेजेचा चमचा तोंडात घालायचा!"

केतकीला पटलं. त्याच दुपारी शेजारच्या मंगलची पाठवणी होती. केतकी गेली. कडेवर बाळ, सासूच्या हातात बाळाच्या पेजेची वाटी. मंगल आईच्या गळ्यात पडली आणि तिने मोठ्याने हुंदका दिला. केतकीने विचार केला नाही. सासूच्या हातातली वाटी ओढली आणि नाचणीच्या पेजेचा चमचा नवरीच्या तोंडात घातला. नवरीची आईही रडत होती. तिलाही एक. नवरदेवाच्या डोळ्यांत नुसतं पाणी तरळत होतं, पण चमचा आपल्याकडे वळलेला बघून तो तोंड घट्ट मिटून मागे सरला.

सासूने तिला दंडाला धरून घरी आणलं.

"आत्याबाई, मला आई होणं काहीच येत नाही का हो?"

"येतं गं. जरा जास्तच येतं."

केतकीने पुन्हा फोन लावला. या वेळी रडूच फुटलं. "तुम्हाला वाटतं मी उगाच घाबरते. तुम्ही तो एकदाही ऐकला नाहीत!"

डॉक्टरीणबाई विरघळल्या. "बरं, असं करा. आता खोकला आला की वही नको, विचार नको. हातातलं टाकून थेट इकडे या. ऐकते मी."

केतकीला पटलं.

मंगळवारी सकाळी ती निनादला भरवत असताना तो खोकला. एकदा नाही, तीनदा. केतकी ताडकन उठली. वही घेतली नाही. विचार केला नाही. हातातलं अलगद पाळण्यात टाकलं. "आत्याबाई, निघाले!" म्हणत पळाली. एक चप्पल तिची, एक सासूची. मिळेल त्या जीपमध्ये बसली आणि रांग तोडून थेट आत शिरली.

"आला! ओळीनं तीनदा आला!"

"शाब्बास. ठेवा बाळाला इथं टेबलावर."

केतकीने टेबलाकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणालात, हातातलं टाकून या," ती हळूच म्हणाली. "हातात तोच होता."

तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. पलीकडे सासू होती. "बाळ खेळतंय मजेत. त्याची आई हरवलीय. तिकडं आलीय का?"

"आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी निनादचा जुना कागद काढला. ‘खोकला’च्या खाली ‘आईचं भान’ असं लिहिलं आणि पुढे तोच इंग्रजी शब्द.

केतकीने मान वाकडी करून तो वाचला. तिचा जीव भांड्यात पडला.

"स्पोरॅडिक ना?" ती म्हणाली. "मग काळजीचं काही नाही."