पास्काचा विस्तव

फार जुनी गोष्ट. काडेपेटी तेव्हा गावात नुकतीच आली होती आणि लोक तिच्याकडे जरा संशयानेच बघत होते. समुद्राच्या काठाला, नारळीच्या बागांच्या आड एक लहानसं ख्रिस्ती गाव होतं. त्या गावात मोनकाबाय नावाची एक बाई राहत असे. हाताला चलाख, मनाने प्रेमळ, पण नाक असं की त्यावर माशी बसायची सोय नाही.

त्या गावचा पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, अगदी बघण्यासारखा असे. आधी चाळीस दिवस उपवासाचे. त्या दिवसांत लग्न नाही, मटण नाही, वाजंत्री नाही. झावळ्यांच्या रविवारी सगळं गाव हातात झावळ्या घेऊन चर्चला जाई. गुरुवारपासून चर्चची घंटा मुकी व्हायची. तिच्याऐवजी म्हातारा बस्त्याव, जो चर्चची देखरेख करायचा, लाकडी खटखटा वाजवत गल्लीगल्लीतून फिरायचा. त्या खटखट आवाजाने लहान मुलंसुद्धा दंगा थांबवायची. आणि शुक्रवारी प्रत्येक घरची चूल विझायची. पार विझायची, राखेत एक निखारासुद्धा ठेवायचा नाही. दोन दिवस सगळे गार जेवायचे.

मग रविवारी पहाटे चर्चच्या अंगणात फादर नवा विस्तव पेटवत, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावत, आणि त्या ज्योतीवरून घरोघरचे कंदील पेटत. तो कंदील जपत घरी न्यायचा आणि त्यावर चूल पेटवायची. त्या वर्षी घरातलं कुणी गेलेलं असेल, तर त्याच विस्तवावर एक मेणबत्ती लावून आधी त्याच्या थडग्यावर ठेवायची. वाटेत कंदील विझलाच तर पाप नाही, अपशकुनही नाही. फक्त एक नियम. घराला लागून जे पहिलं दार असेल, तिथे जाऊन विस्तव मागायचा.

मोनकाबायची सासू शेवटच्या घटकेला तिला म्हणाली होती, "सूनबाई, हा कंदील विझू देऊ नकोस. विझलाच, तर मागायला लाजू नकोस." मोनकाबायने पहिलं वाक्य घट्ट धरून ठेवलं आणि दुसरं सोयीस्करपणे विसरली. बावीस वर्षं तिचा कंदील विझला नव्हता. हे ती दर पास्काला सगळ्यांना ऐकवायची. कुणी विचारो, न विचारो!

आता तिच्या घराला लागून पहिलं दार होतं इजाबायचं. आणि इजाबायशी तिचं सात वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर हसाल. सात वर्षांपूर्वी पास्कालाच इजाबायने तिला फुग्यांचं, म्हणजे सणाला तळायच्या गोल गुबगुबीत वड्यांचं, पीठ आंबवायला ताडी दिली होती. फुगे काही फुगले नाहीत, तळून दगडासारखे निघाले. घरी पाहुणे. मोनकाबाय त्यांच्यासमोरच म्हणाली, "मुद्दाम शिळी ताडी दिलीस!" इजाबायही कमी नव्हती. ती म्हणाली, "पीठ मळायला हात लागतो गं, नुसतं तोंड चालवून भागत नाही." झालं. फुगे राहिले बाजूला आणि दोघी बायकाच फुगून बसल्या.

त्याआधी दोघींचं एक पान हलत नसे एकमेकींवाचून. इजाबायचा नवरा सांतू तर मोनकाबायला सख्ख्या बहिणीसारखं मानायचा, विहिरीवरून येताना तिचाही हंडा भरून आणायचा. भांडण झाल्यावरही आणायचा, गुपचूप ओट्यावर ठेवून जायचा. असा भला माणूस मग एका पावसाळ्यात तापाने गेला. मोनकाबाय मातीला गेली, पण मागे पिंपळाखाली उभी राहिली आणि इजाबायजवळ न जाताच परत आली. घरी येऊन मात्र पोटभर रडली.

तर त्यानंतरच्या पहिल्याच पास्काची पहाट. मोनकाबायने कंदील पेटवून घेतला आणि नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे निघाली. खाडीच्या बांधावर आली, तोच वाऱ्याचा असा झोत आला की पदर डोक्यावरून उडाला. पदर सावरायला हात गेला आणि कंदील विझला. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

मागून माणसांचे आवाज येत होते. तिने विझलेला कंदील पदराखाली दडवला, पाय उचलून घर गाठलं, दार लावून घेतलं, खिडकीही लावली. फडताळात पिठाच्या डब्यामागे मुलाने शहरातून आणलेली काडेपेटी होती. तिने एक काडी ओढली. चूल पेटली, कंदील पेटला. कुणाला कळायचं काहीच कारण नव्हतं. मग तिने खिडकी उघडली, उजेड बाहेर दिसेल अशा बेताने कंदील खिडकीत ठेवला आणि चुलीवर तेलाची कढई चढवली.

पण जीव काही थाऱ्यावर येईना.

इतक्यात दारावर थाप पडली. दार उघडलं तर समोर इजाबाय! एका हातात विझलेला कंदील, दुसऱ्या हातात कोरी मेणबत्ती.

"मोनका," ती म्हणाली. सात वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून आलं होतं. "माझा कंदील पायरीवर येता येता विझला. तुझ्या खिडकीत उजेड दिसला. विस्तव देतेस? सांतूच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची आहे."

द्यायला किती वेळ लागतो? खिडकीतला कंदील उचलायचा, मेणबत्ती टेकवायची. सात वर्षांचा अबोला संपला असता आणि तिची बावीस वर्षांची शानही राहिली असती. कंदिलाकडे तिचा हात गेलासुद्धा. पण डोळ्यांपुढे आला तो सांतू, ओट्यावर हंडा ठेवून पाय न वाजवता जाणारा. त्याच्या पहिल्या पास्काला पिठाच्या डब्यामागची काडी? नाही, ते तिच्याच्याने झालं नाही.

"इजा, हा विस्तव नको नेऊस," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "हा पास्काचा नाही. माझा कंदील बांधावरच विझला. तुझ्या दारात यायची लाज वाटली, म्हणून काडेपेटीने पेटवला. मी खोटी आहे गं."

एवढं बोलून तिने तांब्याभर पाणी चुलीत ओतलं. कंदीलही फुंकला. घरात धूर झाला. आता ही संतापणार, गावभर सांगणार, असं वाटून मोनकाबाय मान खाली घालून उभी राहिली.

इजाबाय खोकत खोकत आत आली आणि पाटावर टेकली. मग म्हणाली, "वेडे, काडेपेटी माझ्याही घरात आहे."

मोनकाबायने मान वर केली.

"वारा काय एकट्या तुलाच लागतो होय?" इजाबाय म्हणाली. "मलाही पेटवता आला असता. पण सात वर्षं तुझ्या दारात यायला निमित्त शोधतेय मी. पायरीवर कंदील विझला, तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. सांतू असता तर म्हणाला असता, जा आता."

मग काय! दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. सांतूसाठी रडल्या, वाया गेलेल्या सात वर्षांसाठी रडल्या. दोघींचं पहिलं दार एकमेकींचंच आणि दोन्हीकडे विस्तव नाही, म्हणून डोळे पुसून परत चर्चकडे निघाल्या. बांधावर मागे राहिलेलं गाव अजून समोरून घरी येत होतं. कुणीतरी विचारलंच, "काय हो मोनकाबाय, उलट्या कुठे निघालात?"

"विझला माझा कंदील," मोनकाबाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आणायला चाललेय."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं, माझा तर दोनदा विझला होता, गेल्याच्या आदल्या वर्षी!" हळूहळू एकेक जण कबूल करायला लागला. बावीस वर्षं मोनकाबायची शेखी ऐकून बिचारे तोंड उघडत नव्हते.

चर्चमध्ये बस्त्याव म्हाताऱ्याने दोघींकडे पाहिलं. काही विचारलं नाही, आणि एकच कंदील पेटवून दिला. "वारा आहे," तो म्हणाला. "एकीने धरा, दुसरीने आडोसा करा."

तशाच त्या गेल्या. एकीचा हात, दुसरीचा पदर. कंदील विझला नाही. सांतूच्या थडग्यावर मेणबत्ती लागली, आणि त्याच कंदिलावर दोन घरांच्या चुली पेटल्या. फुगे मात्र दोघींनी एकाच कढईत तळले. ते फुगले की नाही, हे कुणाला आठवत नाही. दोघी तळताना मोठमोठ्याने हसत होत्या, एवढं मात्र शेजारीपाजारी पुष्कळ वर्षं सांगत राहिले.

तेव्हापासून त्या गावात पास्काचा कंदील दोघादोघांनी मिळून आणायची रीत पडली. आता त्या चुलीही गेल्या आणि ते कंदीलही. बांधावरून गाड्या जातात. पण पास्काच्या सकाळी गावातली जुनी माणसं अजूनही घरात गॅस असताना शेजारचं दार वाजवतात आणि विचारतात, "विस्तव देता का?" शेजारी हसतात, आणि आधी आत बोलावतात.

तात्पर्य: आपला दिवा विझला हे लपवणाऱ्याला अंधारात एकट्यानेच बसावं लागतं; जो ते मोकळेपणाने सांगतो, त्याच्या घरी उजेडही येतो आणि माणूसही येतं.