चुकलेला सूर

वसईचा रॉक गिटारवादक इनास तुस्कानो सत्तरीला आला, तेव्हा गावाने त्याचा सत्कार ठेवला. अध्यक्ष होते बडे समीक्षक टिपणीस. भर सभेत ते म्हणाले, "यांच्या सगळ्यात गाजलेल्या धूनमध्ये एक सूर चक्क चुकलाय. तरी तीन पिढ्या यांना डोक्यावर घेऊन का नाचतात, हे मला कळेल का?"

"चुकलाय खरा," इनास म्हणाला. "रेकॉर्डिंगच्या वेळी तार उतरली होती. आज दुरुस्त करतो."

त्याने तीच धून अचूक वाजवली. तो सूर येताच पहिल्या रांगेतले आजोबा आणि मागची शाळकरी पोरं एकदमच म्हणाली, "चुकलं."

इनासने गिटार खाली ठेवली. "साहेब, तुमचंच बरोबर आहे. फक्त तेवढं यांना पटवून द्या."